कल्पित राज्यात नांगर कोण धरतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने अद्भुत कादंबऱ्यांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मला एक जुनी चूक कबूल करावयाची आहे. ऐन उमेदीच्या काळात अशाच एका वर्गात एका तरुण कार्यकर्त्याच्या शबनम पिशवीतून टोल्कीनची कादंबरी निघाली आणि मी चारचौघांत त्याला पलायनवादी ठरवून मोकळा झालो. तो पुन्हा वर्गाला आला नाही. ते पुस्तक मी तेव्हा वाचलेलेही नव्हते.

वाचले असते, तर त्याचे एक मूळ आपल्याच घरात सापडले असते. विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) हा इंग्रज कवी आणि कारागीर. तांब्याच्या खाणीच्या शेअरांवर वाढलेला हा माणूस १८८४ च्या अखेरीस सोशालिस्ट लीगच्या संस्थापकांत होता, तिचे 'कॉमनवील' हे पत्र तो चालवीत असे आणि १३ नोव्हेंबर १८८७ रोजी ट्रफाल्गर चौकाकडे निघालेले निदर्शक पोलिसांनी झोडपले, त्यांतही तो होता. त्याच पत्रात १८९० साली त्याची 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' क्रमशः आली. तिच्यातील नावाड्याला नाणे म्हणजे काय ते कळत नाही, दुकानातील मुले पाहुण्याला तंबाखू आणि नक्षीदार चिलीम फुकट देतात, आणि पार्लमेंटच्या इमारतीत शेणखत साठवलेले असते! (आमच्या काही आमदार मित्रांनी हे पान अवश्य वाचावे.) गवतकापणी तेथे सणासारखी होते. नांगर कोण धरतो, या माझ्या नेहमीच्या प्रश्नाला मॉरिसचे उत्तर आहे : सगळेच, आणि आनंदाने. टंचाई पडली तर काय, हे मात्र तो फारसे विचारीत नाही.

अखेरच्या वर्षांत त्याने पूर्णपणे कल्पित भूमीवरच्या कथा लिहिल्या. 'द वुड बियाँड द वर्ल्ड' (१८९४) ही भांडवल आणि श्रम यांची रूपककथा आहे, असे 'स्पेक्टेटर'ने म्हणताच त्याने १८९५ मध्ये पत्र लिहून कळविले, की ही निव्वळ गोष्ट आहे. सामाजिक प्रश्नांवर बोलावयाचे तेव्हा मी सरळच बोलतो. हाडाचा प्रचारक हे सांगतो, याचे मला फार मोल वाटते.

१९१४ साली ऑक्सफर्डचा विद्यार्थी असलेल्या टोल्कीनने बक्षिसाच्या पैशांतून मॉरिसची पुस्तके घेतली, आणि पुढे त्याचे ऋणही मान्य केले. तो स्वतः कॅथलिक, वृत्तीने परंपरावादी. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) मधला फ्रोडो पोटासाठी काही काम करीत नाही. त्याचा माळी सॅम त्याला 'मालक' म्हणतो. येथवर आपली टीका बिनचूक आहे. पण शेवटाकडे नायक गावी परततात, तेव्हा झाडे तोडलेली असतात आणि न्याय्य वाटपाच्या नावाने धान्य गोळा करणारी माणसे दारोदार फिरत असतात. गोळा होते, परत वाटले जाते ते नगण्य. हे समकालीन इंग्लंडचे चित्र असल्याचे टोल्कीनने नाकारले. तथापि रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या समाजवाद्याला ते प्रकरण झोंबते, आणि झोंबावे.

मॉरिसने टाळलेला टंचाईचा प्रश्न अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी 'द डिस्पझेस्ड' (१९७४) मध्ये अंगावर घेतला. त्यांच्या अनारेसवर मालमत्ता नाही, पैसा नाही, सरकार नाही. मात्र सहकाऱ्यांचा मत्सर आहे, नव्या विचाराची अडवणूक आहे. मग दुष्काळ येतो. धान्याची गाडी दूरच्या भुकेल्या गावाकडे निघालेली असते आणि वाटेतले तितकेच भुकेले लोक रुळांवर येतात. गाडी थांबवावी, की त्यांच्यातून पुढे न्यावी, हा प्रश्न चालकापुढे उभा राहतो. मालक कोणीच नाही, म्हणून दोष कोणाला द्यावा हेही कळत नाही.

चहानंतरच्या चर्चेत, त्या चालकाच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे मला ऐकावयाचे आहे.