वारीची पूर्वतयारी : शरीराच्या बाजूने

(पायी वारीस निघणाऱ्या भाविकांसाठी रुग्णालयाच्या सभागृहात आयोजित केलेल्या मार्गदर्शन मेळाव्यात आमच्या वैद्यकीय विभागातील ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. अनेक दिंडीप्रमुखांच्या आग्रहावरून ते येथे देत आहोत.)



वारी कशी करावी हे आपणांस सांगण्याचा अधिकार मला नाही. या सभागृहात तीस-तीस वर्षे न चुकता चालणारी मंडळी बसली आहेत. पण वारीचे नियोजन करणे हा काही आधुनिक उपद्व्याप नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हा त्यांनी दिंड्यांचा क्रम लावला, तळांची शिस्त घालून दिली, अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे आणि तंबू यांची सोय करविली. आजही रात्री समाजआरतीच्या वेळी हरवले-सापडले याची नोंद चोपदारांच्या तोंडून जाहीर होते आणि ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते. अशी व्यवस्था ज्या परंपरेने शतकानुशतके सांभाळली, तिला शरीराच्या व्यवस्थेचे वावडे असण्याचे कारण नाही. तरीही दरवर्षी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य ऐकू येते : ‘डॉक्टर, तेवढे अठरा दिवस गोळ्या बंद ठेवल्या, माउली बघून घेतील.’ आजचे सारे बोलणे या एका वाक्याभोवती आहे.

आधी हिशेब करू. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध एकादशीच्या आत पंढरीत पोहोचते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. देहूहून तुकोबारायांची पालखी एक दिवस आधी, सप्तमीला निघते. तिची वाट लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी वेगळी आहे. मंडळी अठरा-एकोणीस दिवस मोजतात आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन निघतात. दर्शनाच्या रांगेतले तास, पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंतचा मुक्काम आणि परतीच्या एस. टी. ची गर्दी कोणी धरीत नाही. म्हणून गोळ्या एक महिन्याच्या घ्या. त्यांतील निम्म्या स्वतःच्या पडशीत आणि निम्म्या दिंडीतल्या सोबत्याकडे ठेवा. सामानाच्या ट्रकमध्ये वळकटीत बांधलेली औषधे दुपारी लागली तर हाती येत नाहीत, हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

आता एक गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण तिच्यात जिवाचा प्रश्न आहे.

अष्टमीला प्रस्थान, नवमीला पुणे, दशमीला पुण्यातच मुक्काम. म्हणजे पुण्याहून सासवडला निघण्याचा दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा येतो; तिथीच्या क्षयवृद्धीने एखाद्या दिवसाचा फरक पडेल, एवढेच. हा टप्पा तीस किलोमीटरांच्या घरातला, सगळ्या वाटचालीतला सर्वांत लांब, आणि त्यातच दिवेघाटाची चढण. सर्वांत मोठी चाल आणि उपवास एकाच दिवशी! निरोगी माणसाला हे साधते. पण मधुमेहाची गोळी घेणाऱ्या वारकऱ्याचे काय होते ते पाहा. तो पहाटे तीनला उठतो, स्नान आटोपतो, आणि घरी न्याहारीपूर्वी घ्यायची ग्लिमेपिराइडची गोळी चारलाच घेऊन टाकतो. पोटात चहाखेरीज काही नाही. हातात टाळ, पायांत वेग. हडपसर मागे पडेपर्यंत रक्तातील साखर उतरू लागते. हात कापतात, दरदरून घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते, पाऊल डुलू लागते. शेजारच्याला वाटते, बुवा भजनात रंगले! या गैरसमजात मोलाची पंधरा-वीस मिनिटे जातात.

यावर उपाय साधा आहे. गोळी घड्याळाला बांधू नका, जेवणाला बांधा. न्याहारी नऊला मिळणार असेल तर गोळीही नऊला. एकादशीच्या दिवशी कोणती गोळी निम्मी करायची, कोणती गाळायची, हे आजच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या हल्ली पुष्कळांना चालू आहेत. उपवास, घाम आणि कमी पाणी यांच्याशी त्यांचे जमत नाही, म्हणून त्यांच्याविषयी मुद्दाम विचारा. गळ्यात तुळशीची माळ असतेच. खिशात खडीसाखरेची पुडी असू द्या. सोबती वेगळा वागू लागला, विचित्र बोलू लागला, तर आधी साखर तोंडात घाला आणि मग चौकशी करा. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला दूरध्वनी करा.

‘म्हणजे उपवास मोडायचा का?’ हा प्रश्न समोरच्या डोळ्यांत दिसतो आहे. निर्णय आपला, धर्माचा निर्णय देण्याचे माझे काम नाही. परंतु दूध, फळे, शेंगदाण्याचा लाडू, राजगिरा थोड्या थोड्या वेळाने घेतला तर उपवासही राहतो आणि साखरही राहते. निर्जळी मात्र मधुमेही व मूत्रपिंडाच्या रुग्णाने चालत असताना करू नये. भगरीविषयी एक सावधगिरी : पावसाळी दमट हवेत भगरीला, विशेषतः तिच्या पिठाला बुरशी धरते आणि त्यातून विषबाधेचे प्रसंग आपल्या राज्यात वारंवार घडतात. सुटे दळलेले पीठ घेऊ नका. पाकीटबंद भगर निवडून, धुऊन, ताजी शिजवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी वापरातली कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून लहान मडक्यात ठेवावी; तेवढ्या गारव्यात ती सुमारे चार आठवडे टिकते. ताडपत्रीखाली तापलेल्या ट्रकमध्ये ठेवलेले इन्सुलिन दिसायला तसेच राहते, पण त्याचा गुण कमी होतो.

दुसरा विषय पायांचा. वारकरी एकमेकांच्या पायांना हात लावतो. त्याच वेळी ते पाय नीट पाहावेत अशी माझी विनंती आहे. जुन्या मधुमेहात तळव्याची जाणीव जाते. खडा रुतला, फोड फुटला, डांबराने कातडे भाजले, तरी कळत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे परतीच्या वाटेवर आलेल्या रुग्णांपैकी एका गृहस्थांच्या टाचेत बाभळीचा काटा आठ दिवस होता. त्यांना दुखले नव्हते म्हणून त्यांनी तो पाहिलाच नव्हता. तीन बोटे काढावी लागली. अनवाणी चालण्याचा नवस असेल आणि मधुमेह असेल, तर तो नवस घरातल्या दुसऱ्या निरोगी माणसाने फेडावा, असे मी स्पष्ट सांगतो.

इतरांसाठी : नव्या चपला घालून निघू नका. ज्या पायताणांनी चालायचे त्यांनीच दोन महिने आधी सराव करा. पहिल्या आठवड्यात रोज तीन किलोमीटर, मग वाढवीत वाढवीत पंधरापर्यंत. आणि एकदा तरी सलग तीन दिवस पंधरा-पंधरा चाला, कारण वारीत थकवा पहिल्या दिवशी येत नाही, तिसऱ्या दिवशी येतो. फोड आला तर त्यात सुई-दोरा ओवून ठेवण्याची जुनी पद्धत सोडा. दोऱ्यावाटे जंतू आत जातात. फोड न फोडता धुऊन, कोरडा करून, वर चिकटपट्टी लावावी. ओल्या धोतराने मांड्या घासतात, त्यांना निघताना खोबरेल तेल पुरते.

पाण्याविषयी दिंडीप्रमुखांना सांगणे आहे. टँकरचे पाणी पिंपात घेताच चौपदरी स्वच्छ कापडाने गाळा, क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील प्रमाणाने घाला आणि अर्धा तास थांबा. लगेच भांडे बुडविले तर घातले न घातले सारखेच. वाटेत अन्नदाते प्रेमाने वाढतात, त्यांना नाही म्हणवत नाही. पण गरम असेल ते खा, सकाळचे संध्याकाळी खाऊ नका. जुलाब लागले तर जलसंजीवनीची पुडी, ती नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ.

भगिनींशी थोडे मोकळेपणाने बोलतो. डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हंडा घेऊन चालणाऱ्या अनेक जणी स्वतः मात्र पाणी पीत नाहीत, कारण आडोसा मिळत नाही. त्यातून लघवीची जळजळ, ताप आणि पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो. फिरती शौचालये पूर्वीपेक्षा वाढली आहेत, तरी पुरेशी नाहीत. प्रत्येक दिंडीने दुपारच्या विसाव्याला चार बांबू आणि कनाती यांचा स्वतंत्र आडोसा उभारावा. कीर्तनाच्या मंडपाइतकेच ते दिंडीचे काम आहे. मासिक पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नका. रक्तदाब, अर्धशिशी, पायांत पूर्वी रक्ताची गुठळी झाली असल्यास त्या धोक्याच्या ठरतात.

सन २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी. ने पंढरीस गेल्या. सन २०२२ पासून पुन्हा पायी सोहळा सुरू झाला, पण त्या खंडात पुष्कळ वडीलधाऱ्यांची चाल मोडली ती मोडलीच. त्यातच पालखी मार्ग रुंद झाला. चालायला जागा झाली, पण जुन्या झाडांची सावली ठिकठिकाणी गेली. पाऊस लांबला तर दुपारी रस्ता तापतो. चालताना घाम थांबला, अंग भाजू लागले, माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात समजा. जागेवरच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. दवाखाना शोधणे त्याच्या बरोबरीने चालू द्या.

काही जणांना मात्र नाही म्हणावे लागेल. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेले, जिना चढताना छातीत दाटणारे, पायाला न भरलेली जखम असलेले. त्यांनी सगळी वारी सोडावी असे नव्हे. पुणे ते सासवड वाहनाने करावे, किंवा अखेरचा वाखरी ते पंढरपूर टप्पा चालावा. पंढरीत दर्शनाची रांग कित्येक तासांची असते. मुखदर्शन किंवा कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परतणारे वारकरी पूर्वीपासून आहेत.

बाहेर टेबलावर ओळखपत्रे ठेवली आहेत. त्यांवर आपले नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, घरचा दूरध्वनी, आजार आणि गोळ्यांची नावे लिहून ते गळ्यात घालावयाचे आहे. गर्दीत भ्रमणध्वनी लागत नाही, हे लक्षात घेऊन मागच्या बाजूस त्या त्या मुक्कामी भेटण्याची जागाही लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी परिचारिका महाविद्यालयाच्या मुली बसल्या आहेत. साठीपुढील सर्वांची रक्तदाब, साखर, हृदयालेख आणि पायांची तपासणी ज्येष्ठ पौर्णिमेपर्यंत रोज सकाळी नऊ ते एक या वेळेत विनामूल्य होईल. येताना घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात.