औषधाचा पहिला महिना
(ज्युबिलीच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या व्याख्यानांत बहुधा आपल्या मंदिराचा पूर्वेतिहास ऐकावयास मिळतो, आणि तो सांगण्यास आमच्याहून अधिकारी वक्ते ह्या व्यासपीठावर बसले आहेत. आम्ही आज आपणांस दूरदेशी नेणार आहोत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पॅनिश भाषेचा वारसा असलेले जे लोक राहतात त्यांस तेथे हिस्पॅनिक म्हणतात. त्यांच्यातील प्रौढ मंडळी नैराश्याच्या विकाराने आजारी पडली म्हणजे डॉक्टरने दिलेले औषध मध्येच का सोडतात, आणि ते सुटू नये म्हणून त्यांस साह्य कसे करता येते, हा आमचा विषय होय. इतक्या लांबचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की, ह्या लोकांतील फार मोठा भाग आपल्याच धर्मसभेचा आहे. आणि अशा माणसाच्या दुःखाची पहिली वार्ता पुष्कळदा डॉक्टरच्या कानी न जाता घरच्यांच्या किंवा धर्मगुरूच्या कानी जाते.

२०२० सालच्या खानेसुमारीत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. म्हणजे त्या देशात दर पाच माणसांत जवळजवळ एक. कोणाचे मूळ मेक्सिकोत, कोणाचे पोर्तो रिको, क्युबा किंवा एल साल्वादोर येथे. कित्येकांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नांदत आली आहेत, तर कित्येक नुकतेच येऊन शेतात, हॉटेलांत, घरबांधणीच्या कामावर राबत आहेत. २०२२ साली त्यांच्यातील प्रौढांपैकी शेकडा ४३ जणांनी आपण कॅथलिक असल्याचे सांगितले. २०१० साली हेच प्रमाण शेकडा ६७ होते. एवढ्या मोठ्या समाजाविषयी आम्ही जे बोलू ते त्यातील प्रत्येकास लागू पडेल असे आपण समजू नये.

आता विकाराविषयी. दुःख आणि नैराश्याचा विकार ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरात मृत्यू झाला, कर्ज झाले, मूल दुरावले, तर मनुष्य रडणारच. त्याला कोणी आजारी म्हणत नाही. परंतु आठवड्यांमागून आठवडे जातात, झोप उडते, अन्न गोड लागत नाही, ज्या कामात रस होता त्यात रस वाटत नाही, आपण कुटुंबावर भार आहोत असे वाटू लागते, आणि पुढेपुढे जगणेच नकोसे होते. हा आजार होय. त्यावर मानसोपचाराची संभाषणे उपयोगी पडतात, आणि औषधेही उपयोगी पडतात. हल्ली ज्या जातीच्या गोळ्या अधिक दिल्या जातात त्यांतील फ्लुओक्सेटिन हे औषध अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्य झाले, आणि तेव्हापासून साध्या दवाखान्यातील डॉक्टरही ही औषधे देऊ लागले.

ह्या औषधांचा एक स्वभाव आहे, आणि सगळी अडचण तेथेच आहे. डोकेदुखीची गोळी घेतली की तासाभरात उतार पडतो. ह्या गोळीचे तसे नाही. तिचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात. पुरता गुण येण्यास सहा ते आठ आठवडे जातात. उलट तिचा त्रास, म्हणजे मळमळ, डोके जड होणे, झोपेचा घोटाळा, हा पहिल्याच दिवसांत सुरू होतो आणि बहुधा एकदोन आठवड्यांत ओसरतो. पतिपत्नीच्या संबंधातही उणेपणा येऊ शकतो. तो पुष्कळदा पुढेही टिकतो, आणि संकोचाने कोणी बोलत नसल्यामुळे डॉक्टरला त्याचा पत्ता लागत नाही. सारांश, त्रास अगोदर आणि आराम मागाहून. मधल्या ह्या तीनचार आठवड्यांत आजारी माणसाने कशाच्या बळावर गोळी गिळावी? विश्वासाच्या बळावर, असे आम्ही म्हणू. आणि निराश मनात इतर सर्व गोष्टींप्रमाणे विश्वासाचाही दुष्काळच असतो.

म्हणून आम्ही पुढे जे आकडे सांगतो त्यांचे आपणांस नवल वाटू नये. १९९६ पासून २००१ पर्यंत त्या देशात झालेल्या घरोघरच्या पाहण्यांवरून २००६ साली असे प्रसिद्ध झाले की, नैराश्यासाठी औषध सुरू केलेल्या प्रौढांपैकी शेकडा ४२ जणांनी ते पहिल्या तीस दिवसांतच सोडले. हिस्पॅनिक मंडळींत हे प्रमाण शेकडा ५४ च्या जवळ होते, इतरांत शेकडा ४१. म्हणजे अर्ध्याहून अधिक लोकांनी औषधाला आपला गुण दाखविण्याची संधी मिळण्यापूर्वीच ते टाकून दिले. पैशाची अडचण ह्यात होतीच. ह्या समाजात आरोग्याचा विमा नसलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांहून पुष्कळ जास्त आहे. परंतु गोळी खिशास परवडत असूनही ती घशाखाली न उतरण्याची कारणे निराळी आहेत, आणि तीच आम्हांस अधिक विचारात घ्यावीशी वाटतात.

आलेहांद्रो इंटेरियन नामक संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह अशी औषधे घेणाऱ्या हिस्पॅनिक लोकांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि ते २००७ साली प्रसिद्ध केले. त्यांतून जे निघाले ते असे : ह्या गोळ्या घेणारा मनुष्य फार गंभीर आजारी असला पाहिजे, तो दुबळा असला पाहिजे, आपल्या अडचणींस तोंड देण्याची ताकद त्याच्यात नसली पाहिजे, आणि तो नशेत वावरत असला पाहिजे, असे लोक समजतात ही भीती त्यांच्या मनात होती. स्पॅनिशमध्ये वेड्यास 'लोको' म्हणतात; तो शब्द आपल्या नावास चिकटू नये म्हणून गोळ्यांची बाटली लपविली जाते. 'नेर्वियोस', म्हणजे मज्जातंतूंचा ताण, असे म्हटले तर मात्र लाज वाटत नाही. तो शब्द घरोघर चालतो. त्या भाषेत 'पोनेर दे सु पार्ते' असा आणखी एक वाक्प्रचार आहे. त्याचा भाव असा की, माणसाने आपल्याकडून झटले पाहिजे. हे चांगलेच शिकवण आहे. पण खाटेवरून उठण्याचेही त्राण नसलेल्यास तेच वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकविले म्हणजे त्याला काय वाटत असेल ह्याचा विचार ऐकविणारे करीत नाहीत.

येथे आम्ही आमच्या वर्गाविषयीही दोन शब्द बोलू. प्रार्थना कर, सर्व ठीक होईल, गोळ्यांची काय गरज, असे जर धर्मगुरूच्याच तोंडून निघाले तर डॉक्टरच्या सहा महिन्यांच्या श्रमावर एका वाक्यात पाणी पडते. सिराकच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावयास सांगितले आहे, औषधीही परमेश्वरानेच भूमीतून उपजविल्या आहेत असे म्हटले आहे, आणि त्याच ठिकाणी आजाऱ्याने प्रार्थना करावी असेही सांगितले आहे. एकाच अध्यायात दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात. मग आपणच त्यांचे भांडण का लावावे?

भाषेची अडचण तर लहानशी दिसते, पण तिने जिवावर बेतू शकते. इंग्रजीत 'एकदा' ह्या अर्थी जो 'वन्स' शब्द आहे, त्याचीच अक्षरे स्पॅनिशमध्ये 'ओन्से' अशी वाचतात, आणि त्याचा अर्थ अकरा. औषधाच्या बाटलीवर अर्धवट भाषांतर केलेली चिठ्ठी असली आणि त्यात तो इंग्रजी शब्द तसाच राहिला, तर दिवसातून एकदा घ्यावयाची गोळी दिवसातून अकरा होऊ शकते. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागातील औषधविक्रेत्यांच्या यंत्राने भाषांतरित केलेल्या स्पॅनिश चिठ्ठ्या तपासून २०१० साली हा धोका दाखवून देण्यात आला. तपासलेल्यांपैकी निम्म्या चिठ्ठ्या सदोष निघाल्या. दवाखान्यात शाळकरी मुलाला दुभाषी करून नेण्याचाही प्रघात असे. आईने आपल्या बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून 'मला मरावेसे वाटते' हे डॉक्टरला कसे कळवावे? सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी, आणीबाणीचा प्रसंग सोडून, अज्ञान मुलांकडून दुभाषाचे काम घेऊ नये असा तेथे २०१६ साली नियम झाला, तो योग्यच झाला.

आता साह्य कसे होते ते पाहू. १९८३ साली विल्यम मिलर ह्या मानसशास्त्रज्ञाने दारूच्या आहारी गेलेल्यांशी बोलण्याची एक रीत मांडली. तीत उपदेशास फारसे स्थान नाही. मद्यप्याला स्वतःलाच काय हवे आहे आणि काय नको आहे, हे त्याच्याच तोंडून वदवावयाचे. इंटेरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत हिस्पॅनिक लोकांसाठी व नैराश्याच्या औषधासाठी जुळवून घेतली. नेहमीच्या उपचारास तिची जोड दिली आणि ५० रोग्यांवर तिची परीक्षा केली. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पाच आठवड्यांनी त्या गटातील मंडळींचे औषध घेण्याचे प्रमाण शेकडा ७२ आढळले, केवळ नेहमीचा उपचार चाललेल्यांचे शेकडा ४२. पाच महिन्यांनी हेच आकडे ६० व ३४ झाले. पन्नास माणसे म्हणजे काही मोठी संख्या नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि, 'गोळी का घेत नाहीस?' ह्या प्रश्नाऐवजी 'गोळीविषयी तुला काय वाटते?' हा प्रश्न विचारल्याने जर एवढा फरक पडत असेल, तर तो प्रश्न फुकट आहे आणि कोणालाही विचारता येतो. 'पोनेर दे सु पार्ते' ह्याचाही रोख मग बदलता येतो : मळमळ सोसून रोज सकाळी गोळी घेणे हेच आपल्याकडून झटणे नव्हे काय?

दुसरा उपाय आम्हांस फारच आवडला. लॅटिन अमेरिकेत छायाचित्रे आणि संवाद ह्यांनी कथा सांगणाऱ्या पुस्तिका लोकप्रिय आहेत. त्यांस फोतोनोवेला म्हणतात. लिओपोल्दो काबासा व त्यांचे सहकारी ह्यांनी 'सेंतिमियेंतोस सेक्रेतोस', म्हणजे 'गुप्त भावना', ह्या नावाची नैराश्याविषयीची अशी एक पुस्तिका तयार केली. लॉस एंजेलिसमधील प्रौढांच्या एका शाळेत काहींना ती दिली व काहींना साधे माहितीपत्रक दिले. माहिती दोन्हींनी वाढली. परंतु औषधाविषयीची लाज कमी झाली ती पुस्तिका वाचणाऱ्यांत अधिक, आणि ती आपल्या नातलगांस व स्नेह्यांस देण्याचा विचारही त्यांनीच अधिक बोलून दाखविला. माहितीपत्रक कोण कोणाला देतो?

आणि शेवटी कोमाद्रे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धर्ममाता झालेली स्त्री आणि मुलाची आई ह्या एकमेकींस त्या समाजात कोमाद्रे म्हणतात, आणि हे नाते सख्ख्या बहिणीइतके जवळचे मानतात. पहिल्या महिन्यात उपयोगी पडणारे माणूस हेच. तिने करावयाचे ते फार थोडे आहे. मळमळ जाईल, अजून दोन आठवडे थांबू, असे म्हणावे. दवाखान्यात सोबत जावे. पहिल्या औषधाने पूर्ण उतार पडला नाही तर धीर सोडू देऊ नये. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण एकतृतीयांशच होते, बाकीच्यांस डॉक्टरने मात्रा किंवा औषध बदलून पुढची पायरी घेतली. रोगी पंचविशीच्या आतला असेल तर आरंभीच्या आठवड्यांत त्याच्यावर विशेष नजर ठेवावी, कारण त्या वयात ह्या औषधांनी आत्मघाताचे विचार क्वचित वाढतात, असा इशारा त्या देशात औषधांच्या वेष्टनावरच दिलेला असतो. तसे काही जाणवले तर ९८८ हा दूरध्वनी क्रमांक तेथे रात्रंदिवस चालू असतो. दोनचा आकडा दाबला की स्पॅनिश बोलणारे माणूस मिळते.

बरे वाटू लागले म्हणजे गोळी बंद करण्याचा मोह होतो. ह्या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही, तरी त्या एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड, अंगातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे, असे प्रकार होतात, आणि आजारही उलटू शकतो. म्हणून बरे वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावयास सांगतात, आणि पुढे बंद करावयाचे ते डॉक्टरच्या सल्ल्याने, मात्रा हळूहळू उतरवीत. तो दिवस आला की कोमाद्रेने पुन्हा एकदा दवाखान्यात सोबत जावे.