चांदीचा सांधा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. पण सोनाराच्या घरात नांदते आणि स्वयंपाकपाणी आटोपल्यावर चांदीच्या कड्या जोडायला बसते, म्हणून त्याविषयीच दोन शब्द सांगते.

चांदी दोन रीतींनी जुळते. पहिली रीत, चांदीलाच चांदी जोडण्याची. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. तारेची कडी वळवून टोके अशी भिडवायची की मधून उजेड दिसू नये. ज्योत नुसत्या सांध्यावर न धरता साऱ्या कडीवर फिरवायची, कारण चांदीत उष्णता फार लवकर पसरते. कडी लाल होते, मग तिच्या अंगावर पाण्यासारखी झळक येते. त्याच क्षणी ज्योत काढायची. जरा उशीर झाला की कडीची गोळी होते.

दुसरी रीत झाळेची. दागिन्याच्या चांदीत मजबुतीसाठी तांबे घालतात. ती तापली की काळी पडते आणि सांधा धरत नाही. म्हणून टाकणखार लावून झाळेचा बारीक तुकडा ठेवतात. झाळ म्हणजे बहुधा चांदी, तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. ती दागिन्याच्या आधी वितळून सांध्यात शिरते. माझ्या सासूबाई शेगडीपुढे बसून फुंकणीने ज्योत वळवीत. आता गॅस आला, एवढाच फरक. काही झाळींत कॅडमियम असते. त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. शेजारच्या खामगावात काय किंवा कोल्हापूरकडच्या हुपरीत काय, हे काम करणाऱ्यांनी ती झाळ घरात आणू नये.

आता आपल्या कामाचे सांगते. मागे पेरणीच्या तोंडावर एक बाई घुंगरांच्या तोरड्या मोडायला घेऊन आली. बियाण्याला पैसे हवे होते. वजनाच्या मानाने चांदी कमी भरली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिला जवळ बसवून सांधे मोजून दाखवले. प्रत्येक घुंगरू दोन वाट्यांचे, वर कडी, आणि जागोजाग झाळ. वजन झाळेचेही होते. भाव मात्र चांदीलाच मिळतो.

फसवणूक होतच नाही, असे मी म्हणत नाही. म्हणून हिशेब आपल्याला यावा. १०० ग्रॅमच्या दागिन्यावर ९२५ चा ठसा असेल तर त्यात चांदी साडेब्याण्णव ग्रॅम. ८०० चा असेल तर ८० ग्रॅम. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कासोबत सहा अक्षर-अंकांचा क्रमांक देणे सुरू झाले. तो मोबाईलवर तपासता येतो. तेव्हा ही गोष्ट ऐच्छिक ठेवली गेली, म्हणून ठसा आपण होऊन मागावा. पावतीवर वजन आणि शुद्धता दोन्ही लिहून घ्यावी.

घुंगरांच्या तोरड्या हौसेने घाला, लेकीसुनांनाही घाला. पण अडीअडचणीसाठी चांदी ठेवायची तर भरीव वाळे, साधे कडे घ्या. त्यात सांधे थोडे आणि झाळ कमी. आपल्या बायकांच्या नावावर शेत क्वचितच असते. पायातली चांदी तेवढी आपली असते. ती किती आहे, हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे.