मी आळशी की दमलेली?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई सगळ्यांत उशिरा आल्या. हप्ता देताना हळूच म्हणाल्या, "मी फार आळशी झालेय. दुपारी आडवी झाले की उठवतच नाही." बायका हसल्या. मीही म्हणाले, "अंगाला सवय लावा, ताई."

घरी आल्यावर माझंच बोलणं मला टोचलं. गटाचा जमाखर्च मी तरी कुठे लिहिला होता? रोज वही उघडायची, मिटायची आणि स्वतःला शिव्या घालायच्या. त्या शिव्यांनी एक ओळही लिहून झाली नव्हती.

तेव्हा विहारात ऐकलेली गोष्ट आठवली. महामोग्गल्लान म्हणजे भगवान बुद्धांच्या दोन प्रमुख शिष्यांपैकी एक. ते ध्यानाला बसले आणि डुलक्या घेऊ लागले. बुद्ध त्यांच्याकडे गेले, पण रागावले नाहीत. उपाय सांगितले: शिकलेला धम्म मोठ्याने म्हण, कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांना पाणी लाव, आकाशातल्या चांदण्या बघ, येरझारा घाल. आणि तरीही झोप गेली नाही तर? तर उजव्या कुशीवर झोप. उठायचं मनात ठेवून झोप आणि जाग आली की लगेच ऊठ.

एवढ्या मोठ्या शिष्यालाही सुस्ती आली होती! पालीत तिला थीनमिद्ध म्हणतात. मनाच्या पाच अडथळ्यांपैकी ती एक. अडथळा म्हणजे वाटेतला दगड. दगड दिसला की बाजूला करायचा, स्वतःच्या डोक्यात घालायचा नाही.

त्या दिवशी मी अर्धा तास झोपले, उठून एकच पान लिहिलं. चार दिवसांत वही पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी त्या ताईंकडे गेले, माफी मागितली. दोघी मिळून उपकेंद्रात गेलो. बाईचं हिमोग्लोबिन 12 तरी असावं, त्यांचं 8 निघालं. ज्याला आम्ही आळस म्हणून हसलो, ते अंगातलं रक्त कमी होतं. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांच्या गोळ्या सुरू आहेत.

म्हणून मैत्रिणींनो, स्वतःला आळशी म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. झोप पुरी झाली का? पोटभर जेवले का? रक्त तपासलं का? सगळं ठीक असेल, तर डोळ्यांना पाणी लावा आणि कामाचा एक लहानसा घास उचला. बुद्धांनी सांगितलेली मैत्री सगळ्या जिवांसाठी आहे. त्या जिवांत आपणही आलो.