तळाच्या पाण्याची बाटली

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. पाऊस ओसरला की दर्या निवळतो, असं आपण म्हणतो. वरून पाहिलं तर ते खरंच आहे. तळाशी मात्र याच दिवसांत त्याचा श्वास कोंडलेला असतो.

हे समजलं ते एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापासून सुमारे 10 किलोमीटरवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक 1997पासून पाण्याचे नमुने घेत आले आहेत. दोन्ही तोंडं उघडी असलेली बाटली दोरीनं खाली सोडायची. मग दोरीवरून एक वजन सोडायचं. ते आदळलं की झाकणं मिटतात आणि त्याच खोलीचं पाणी कोंडलं जातं. वर आणल्यावर ते बुडबुडा येऊ न देता काचेच्या कुपीत भरतात आणि दोन रसायनं घालतात. साका तपकिरी बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही.

असं होतं कशानं? पावसाळ्यात खोल अरबी समुद्रातलं थंड पाणी किनाऱ्याकडे चढून येतं. त्यात खत भरपूर, पण प्राणवायू आधीच कमी. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी पसरतं. ते हलकं, म्हणून झाकणासारखं वरच राहतं आणि हवा खाली पोचत नाही. वर उजेडात सूक्ष्म वनस्पती फोफावतात, मरून तळाशी जातात. त्या कुजवताना जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात कधी कधी तळाच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तळाची मासळी तिथून बाजूला सरते. याच पाण्यात नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वी तापवणारा वायूही तयार होतो; 2000 साली या संशोधकांनी ते जगापुढे मांडलं.

मग वारे फिरतात, प्रवाह उलटतो, पाणी ढवळलं जातं. डिसेंबरात कुपीत पुन्हा तपकिरी साका बसतो.

नुसतं जानेवारीत मोजणारा म्हणेल, समुद्र ठणठणीत आहे. नुसतं सप्टेंबरात मोजणारा म्हणेल, समुद्र मेला. दोघांचीही मोजणी बरोबर आणि निष्कर्ष चूक. तेव्हा श्रोतेहो, समुद्राची तब्येत कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला एवढंच विचारा: कुठल्या महिन्यात पाहिलंत, आणि किती खोल?