न दिसणाऱ्या जखमेची ओळख



ज्याचा पाय मोडतो, त्याच्या पायाला प्लास्टर दिसते. ज्याची दृष्टी जाते, त्याच्या हातात पांढरी काठी असते. अशा माणसाला बसमध्ये कोणी तरी उठून जागा देते, रस्ता ओलांडताना कोणी तरी त्याचा हात धरते. परंतु ज्याच्या मेंदूला मार लागला आणि कवटीवरची जखम भरून केसांआड गेली, त्याच्या व्यथेची कोणतीही खूण समाजाला दिसत नाही. दिसते ते केवळ त्याचे वागणे, आणि त्यावरूनच समाज त्याच्याविषयी निवाडा करून मोकळा होतो.

मेंदूच्या प्रत्येक भागाकडे काही कामे सोपविलेली आहेत. मागच्या बाजूस असलेला लहान मेंदू तोल सांभाळतो. त्याला इजा झाली की चाल अडखळते, शब्द जड होतात. डाव्या बाजूच्या विशिष्ट भागाला धक्का पोहोचला तर बुद्धी शाबूत असूनही बोलण्यासाठी शब्द सापडत नाहीत. फ्रान्समधील शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ साली हे दाखवून दिले. कपाळामागचा भाग संयमाचा. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात रेल्वेमार्गाच्या कामावरील मुकादम फिनिअस गेज याच्या कवटीतून सुरुंगाच्या स्फोटाने एक लोखंडी पहार आरपार गेली. आश्चर्य असे, की तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु पूर्वीचा विश्वासू, हिशेबी माणूस उतावळा आणि तोंडाळ झाला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी हा बदल नोंदवून ठेवला आणि वैद्यकशास्त्राला एक नवी दृष्टी मिळाली. माणसाचा स्वभावही जखमी होऊ शकतो, ही ती दृष्टी.

आता कल्पना करा. रात्रीची वेळ आहे. एक तरुण रस्त्याने अडखळत चालला आहे. पोलीस त्याला हटकतात. तो उत्तर द्यायला वेळ लावतो, जीभ जड असल्यामुळे शब्द स्पष्ट उमटत नाहीत. दोन-तीन प्रश्न एकदम विचारले की गोंधळतो, चिडतो. हा दारू प्यायला आहे आणि वर उद्धटपणा करतो आहे, असे पोलिसांना वाटले तर एकट्या पोलिसांना दोष देता येणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांनाही तेच वाटेल. वास्तविक त्याने थेंबही घेतलेला नसतो. दोन वर्षांपूर्वीच्या अपघाताने त्याच्या मेंदूवर केलेला तो आघात असतो, आणि तो सांगण्याची शक्तीच नेमकी हरपलेली असते.

या अडचणीवर ब्रिटनमध्ये एक साधा उपाय शोधण्यात आला. मेंदूच्या आघातातून वाचलेल्यांसाठी १९७९ पासून काम करणाऱ्या ‘हेडवे’ या सेवाभावी संस्थेने २०१७ साली एक ओळखपत्र सुरू केले. राजपुत्र हॅरी यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. या पत्रावर धारकाचे छायाचित्र असते, मेंदूला इजा झाल्याचा उल्लेख असतो आणि त्या विशिष्ट व्यक्तीला कोणत्या अडचणी जाणवतात, हे मोजक्या शब्दांत नोंदविलेले असते. कोणाची स्मृती दगा देते, कोणी लवकर थकतो, कोणाला बोलणे समजून घ्यायला वेळ लागतो. कायद्याच्या कचाट्यात सापडल्यास चोवीस तास साहाय्य मिळावे, म्हणून एक दूरध्वनी क्रमांकही त्यावर असतो. इजेची खातरजमा झाल्याविना पत्र मिळत नाही. तेथील पोलीस प्रमुखांच्या परिषदेने या उपक्रमाला पाठिंबा दिला, म्हणूनच त्या पत्राला वजन प्राप्त झाले.

इतर देशांनी आपापल्या पद्धतीने वाट काढली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात वाहन परवान्यावरच मेंदूच्या आघाताची खूण नोंदविण्याची सोय आहे. तेथे ती घेणे न घेणे सर्वस्वी व्यक्तीच्या इच्छेवर आहे. जपानची राजधानी टोकियो येथे २०१२ साली लाल रंगाचा, पांढरे अधिक चिन्ह आणि हृदयाची आकृती असलेला एक बिल्ला सुरू झाला. वरून न दिसणाऱ्या कोणत्याही व्याधीने ग्रस्त असलेल्याने तो पिशवीला अडकवावा, अशी ती योजना.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. माणसाच्या कपाळी असा शिक्का का मारायचा? नोकरीच्या ठिकाणी, विवाहाच्या बोलणीत हीच खूण त्याच्या आड येणार नाही काय? या शंकेला उत्तर एकच आहे. खूण स्वेच्छेची हवी आणि ती खिशात राहावी. केव्हा, कोणाला दाखवायची, हा अधिकार धारकाचाच असावा. परवान्यावरची खूण प्रत्येक वेळी सर्वांना दिसते. वेगळे पत्र गरजेपुरतेच बाहेर निघते. या दृष्टीने ब्रिटनची पद्धत अधिक विवेकाची वाटते.

आपल्या देशात हा प्रश्न लहान नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. जे वाचले, त्यांपैकी डोक्याला मार बसलेल्यांचे पुढे काय झाले? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, हे स्वागतार्हच आहे. परंतु मेंदूचा आघात हा त्यात स्वतंत्र प्रकार नाही. त्याच्या परिणामांना हालचालीचे, वाचेचे किंवा मानसिक अशा कोणत्या तरी रकान्यात बसवावे लागते. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रावर पांढरा, पिवळा आणि निळा असे रंग आहेत. ते दिव्यांगत्वाची टक्केवारी सांगतात. समोरच्या माणसाशी सावकाश बोलावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, हे मात्र कोणताही रंग सांगू शकत नाही.

ती उणीव भरून काढण्यासाठी शासनाची वाट पाहात बसण्याचे कारण नाही. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराने डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी चार ओळींचा मराठी कागद त्याच्या खिशात ठेवावा: इजा कधी झाली, अडचण कोणती, कसे बोलावे आणि कोणाला कळवावे. वस्तीतील कार्यकर्त्यांनी तो कागद जवळच्या पोलीस चौकीत नेऊन, रुग्णाची आणि घरच्यांची संमती असेल तर, त्याची ओळख करून द्यावी. कारण पत्र कितीही उत्तम असले, तरी ते वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक नसेल तर तो कागदाचा कपटाच ठरतो. ब्रिटनमधील अनुभवाचे मर्म हेच आहे. तेथे पत्र छापणाऱ्यांनी पोलिसांनाही बरोबर घेतले.

अडखळणाऱ्या माणसाकडे पाहून पहिला विचार दारूचा यावा, ही आपल्या मनाची सवय आहे. ती सवय मोडायला कायदा लागत नाही. क्षणभर थांबून, “काही त्रास होतो आहे का?” एवढे विचारले, तरी एखाद्या घरातील मुलगा त्या रात्री कोठडीऐवजी आपल्या आईजवळ पोहोचेल.