वेबसाइटवर कोण आलं, हे कुणी मोजायचं?

बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, बालाघाटातल्या एखाद्या उत्पादक गटानं वेबसाइट काढली. हंगामात ती कुठून कुठून पाहिली जाते, हे कळायला हवंच. बहुतेक जण गुगल अ‍ॅनालिटिक्स लावून मोकळे होतात. मोजणी फुकट, नोंदी मात्र गुगलकडे.

या नोंदी आपल्याच सर्व्हरवर ठेवणारी मुक्तस्रोत साधनंही आहेत.

त्यांतलं जुनंजाणतं मॅटोमो. 2007 साली ‘पिविक’ नावानं ते सुरू झालं, 2018मध्ये नाव बदललं. त्याला पीएचपी आणि मायएसक्यूएल लागतं, म्हणजे साध्या होस्टिंगवरही भागतं. तपशील मात्र इतका, की नवखा गांगरून जातो! प्लॉझिबलमध्ये सगळे आकडे एकाच पानावर दिसतात, कुकीही नसते. पण त्यामागचा क्लिकहाउस डेटाबेस खादाड. 2 जीबी रॅम तरी हवीच. गोटकाउंटर हलकं: एक फाइल, एसक्यूलाइट डेटाबेस, झालं काम.

लहान गटाला गोटकाउंटर पुरे. विक्रीचा हिशेब जोडायचा असेल, तर मॅटोमो. आणि वेळच्या वेळी बॅकअप घेणारं, अपडेट टाकणारं कुणी गटात नसेल, तर स्वतःच्या सर्व्हरच्या नादी न लागलेलंच बरं.